उष्टावणाचं नाणं

"सोन्याच्या अंगठीनं सगळेच भरवतात. माझी नात या नाण्यानं खीर चाटेल," उष्टावणाच्या सकाळी अप्पा म्हणाले आणि जर्मनीतलं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं त्यांनी सुनेच्या तळहातावर ठेवलं. ते किती हातांतून फिरलं असेल, हाच विचार मृण्मयीच्या मनात आला. सासऱ्यांना नाही म्हणायचा धीर होईना, म्हणून ते पूजेला बसताच तिनं नाणं बाळाच्या बाटल्यांबरोबर उकळायला टाकलं.

चिमट्यानं बाहेर काढलं, तर एकाच्या दोन पातळ चकत्या झालेल्या. अप्पांच्या संग्रहातलं सर्वांत लाडकं नाणं. "अप्पा, मी तुमचं नाणं मोडलं," ती देवघराच्या दारातून कशीबशी म्हणाली.

अप्पांनी चकत्या हातात घेतल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या डोळ्यांजवळ नेल्या. कडेला स्क्रूसारखे बारीक आटे होते. नाणं डबीसारखं पोकळ होतं, मळानं घट्ट बसलेलं, आणि आत एक इवलंसं रंगीत चित्र: मांडीवर बाळ घेतलेली बाई, कपाळाला आठ्या.

"अशी डबीची नाणी मी फक्त पुस्तकात पाहिली होती," अप्पा म्हणाले. "तीस वर्षं हे माझ्या कपाटात आहे आणि मी धुवायलासुद्धा घाबरलो. ही बघ, तुझीच बहीण. बाळाच्या तोंडात काय गेलं ते शोधतेय."

मृण्मयीला हसू फुटलं. खीर बाळानं अंगठीनंच चाटली.

अप्पा मात्र आत जाऊन नाण्यांची सगळी पेटीच घेऊन आले. "सूनबाई, पाणी अजून गरम आहे ना?"