जाम झालेला पंखा

माझा गेम खेळायचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा झालाय, म्हणजे कॉम्प्युटरच्या मानाने पार म्हातारा. सुटे भाग बदलावेत की नवाच घ्यावा, हे ठरेना. शेवटी आई कामावर गेल्यावर भरदुपारी मेकॅनिकला बोलावलं.

"त्रास काय देतो?" त्याने विचारलं.

"चालू केला की धाप लागल्यासारखा आवाज येतो. वर्ष झालं."

वर्षापूर्वी माझा धाकटा भाऊ आतल्या खोलीत दम्याने गेला. मी इथेच, कानांना हेडफोन लावून खेळत होतो. तो किती वेळ हाका मारत होता, कोण जाणे. आईला मी सांगितलं, माझा डोळा लागला होता.

मेकॅनिकने कॉम्प्युटर उघडून पंखा बोटाने ढकलला. तो जागचा हलेना.

"हा तर कधीचाच जाम झालाय. आवाज याचा नाही. नवाच घ्या, दादा."

त्याने प्लग काढला, पंखा सोडवून टेबलावर ठेवला आणि एकदम थबकून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"दादा, आत कुणाला तरी दम लागलाय. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

माझा हात सवयीने हेडफोनकडे गेला.