नारिंगी जाकीट

वीरधवलने फीत तोडली तेव्हा बाळासो खुर्चीवरून असे उठले, जणू तलावाभोवतीचे बारा किलोमीटर तेच पळून आले होते.

"नातू हाय माझा," त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा सांगितलं. "तासगावास्नं आलोय. पैल्यांदाच पळला हितं, आन् पैलाच आला."

"ब्येस झालं," म्हातारा म्हणाला. धुळा त्याचं नाव. सारी हयात म्हसवडच्या माळावर मेंढरं राखण्यात गेलेली. मांडीवर घोंगडं, नजर बांधावर, आणि येणारा एकेक धावपटू तो तोंडातल्या तोंडात मोजत होता.

"तुमचं कोण हाय?"

"नात. राणी. गेल्या साली तीच पैली आलती."

"आन् औंदा?"

"औंदा मागं हाय."

बाळासोंना जरा बरंच वाटलं. खोटं कशाला बोला.

अर्धी वाट डांबरी, अर्धी काठच्या खडकांतून. कॉलेजची पोरं आली, मास्तर आले, साडीवर बूट घातलेल्या बायाही आल्या. प्रत्येक पोरीकडे बघून बाळासो विचारत, "ही व्हय?" धुळा नकारार्थी मान हलवी. ऊन चढलं, पोहे संपले, तरी बक्षीस समारंभ काही सुरू होईना.

"पाव्हणं, रागावू नका," बाळासो म्हणाले, "पण एकदा पैलं आल्यावर परत पळूच न्हाई. हाय ती अब्रू जाती."

"एकशे चाळीस," धुळा पुटपुटला.

मग बांधावर एक नारिंगी जाकीट दिसलं. बाकी सगळ्यांच्या अंगात, साडीवाल्यांच्याही, स्पर्धेची पांढरी बनियन, ही एकटीच वेगळी. पळतही नव्हती, चालत होती. एका खांद्यावर लंगडणाऱ्या बाईचा हात, दुसऱ्या खांद्याला पिशवी. तिच्यातून वाटेवरच्या बाभळींना खुणेसाठी बांधलेल्या लाल चिंध्या लोंबत होत्या. तिच्या मागं कुणीच नव्हतं. बाळासोंना खरंच वाईट वाटलं. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पण म्हातारा उभा राहिला होता. छाती पुढे, डोळे भरलेले.

"एकशे एक्केचाळीस. एकशे बेचाळीस. समदी आली."

सगळा मांडव उठून टाळ्या वाजवू लागला. वीरधवलला वाजल्या त्याहून जास्त. बाळासोंना ते मुळीच आवडलं नाही.

"आता पहिल्या आलेल्याचा मान," ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला. "वीरधवल!"

बाळासोंनी फोटोसाठी मोबाईल सरसावला. टेबलावर ढाल दिसेना, चषक दिसेना. राणी पुढं आली. अंगातलं नारिंगी जाकीट काढून तिनं झटकलं आणि वीरधवलच्या खांद्यावर चढवलं.

"पुढच्या साली तू समद्यांच्या शेवटी यायचं," ती म्हणाली. "वाटंत एकबी माणूस ऱ्हाता कामा न्हाई."