भलती घाई

ऑफिसचं नेटवर्क बंद पडलं होतं. तिने नेटवर्क जोडणाऱ्या स्विचला त्याचे संदेश वाचायची कन्सोल केबल जोडली, तर लॅपटॉपवर नुसती अगम्य चिन्हं उमटली. सहकारी वैतागला.

"स्विच गेला कामातून, मॅडम. नवीन मागवूया."

"अहो, तो बरोबर बोलतोय. आपणच भलत्या घाईने ऐकतोय," म्हणत तिने लॅपटॉपचा संदेश वाचायचा वेग कमी केला. अक्षरं लख्ख दिसू लागली. तिला मात्र घरी असलेले बाबा आठवले.

अर्धांगवायूनंतर बाबांची जीभ जड झाली होती. "काही कळत नाही हो बाबा, उशीर होतोय मला," म्हणत ती रोज सकाळी चपला पायात सरकवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या वेळी ती त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "बोला बाबा. अगदी सावकाश बोला."

बाबांचे ओठ जरासे हलले आणि मिटले. मग चांगल्या हाताने त्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.