चिठ्ठीत निघालेलं घर

श्रीमंत देशांचं तपासणी यंत्र शेवंती गावडेच्या दारात आलं, तेव्हा शिरा नुकताच झाला होता. गरीब देशांचा माल तिकडे बिनजकातीनं जाई. देश अजून गरीब आहे का, हे यंत्र दरवर्षी चिठ्ठी टाकून एकाच घरावरून ठरवी. यंदा चिठ्ठी वेंगुर्ल्यात निघाली होती, आणि शेवंती ज्या काजू कारखान्यात कामाला होती, त्याचा सगळा माल याच सवलतीवर जात होता.

"परदेशचा पाहुणा, आपली शोभा व्हायला नको," म्हणत तिनं आळीतून सोफा, चांदीची ताटं आणि डॉक्टरीणबाईंचा फ्रीज मागून आणला होता.

यंत्रानं शिरा खाल्ला नाही. त्यातले बदाम मात्र मोजले.

"अभिनंदन," ते शुद्ध मराठीत म्हणालं. "आपला देश आजपासून विकसित. सवलत रद्द."

शेवंती त्याच्या आडवी आली. "अहो, हे सगळं शेजाऱ्यांचं आहे."

"म्हणजे शेजारीही संपन्न," म्हणून यंत्रानं तेही लिहून घेतलं.

ते वळतंय तोवर फोन वाजला. कारखान्याचे मॅनेजर होते; यंत्राचा निकाल तिकडे पोचलाही होता.

"शेवंतीताई, उद्यापासून कारखाना बंद. चारशे बायकांना मी कुठल्या तोंडानं सांगू? तुम्हीच सांगा."