शोधात दिसणाऱ्या दोन ओळी

दुसऱ्या मजल्यावर टॅक्सीवाला कठड्याला टेकून थांबला. पाठीवर आई होती. अर्धांगवायूनंतर तिचा डावा पाय हलत नव्हता आणि उजव्या हाताने तिने त्याचा गळा असा आवळला होता की त्याला धड श्वासही घेता येईना.

“ताई, एक खुर्ची!” समोरच्या ऑफिसच्या उघड्या दाराकडे बघून तो ओरडला.

आतली मुलगी उठली आणि आपलीच खुर्ची ढकलत बाहेर आली. खुर्चीला चाकं होती. घरंगळू नये म्हणून तिने एका चाकाला पाय लावला. दोघांनी मिळून आईला बसवलं.

“वर जायचंय?”

“फिजिओथेरपीला. अजून किती राहिलं?”

“वीस पायऱ्या.” तिला आकडा पाठ होता. दारातल्या दोन धरून बेचाळीस झाल्या होत्या.

टॅक्सीवाल्याने खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. “हे वाचा. मोठ्याने वाचा. मी काही वेडा नाहीये.”

क्लिनिकच्या नावाखाली दोन करड्या ओळी होत्या. ‘अर्धांगवायू, गुडघा, पाठदुखीवर खात्रीशीर फिजिओथेरपी. ज्येष्ठांसाठी खास, व्हीलचेअरची सोय. आजच वेळ घ्या.’

तिने मोठ्याने वाचल्या नाहीत. त्या तिनेच लिहिल्या होत्या. क्लिनिकची वेबसाइट याच ऑफिसात झाली होती. या ओळी साइटच्या पानावर कुठेही दिसत नाहीत. शोधणाऱ्याला यादीत नावाखाली तेवढ्या दिसतात. माणूस त्या वाचतो आणि बोट टेकवायचं की पुढे सरकायचं ते ठरवतो. दीडशे अक्षरांत बसवायचं असतं. ‘लिफ्ट नाही’ हे दोन शब्द तिच्या पहिल्या मसुद्यात होते.

आवाज ऐकून सर बाहेर आले. “काय झालं?”

“लिफ्ट नाही सर. मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“मग लिफ्ट आहे असं आपण कुठे लिहिलंय? व्हीलचेअर लिहिलीय. ती आहे. वर आहे, मी स्वतः बघितलीय.”

“वर?” टॅक्सीवाला म्हणाला.

“हो. एकदा वर पोचलात की—”

“अस्सं,” आई खुर्चीतूनच म्हणाली. “म्हणजे वर गेल्यावर मला चालता येत नाही. खाली मी धावते.”

टॅक्सीवाल्याला हसू आलं नाही. “अर्धा दिवस गाडी बंद ठेवून आलोय साहेब. हिचा हात सुटला असता म्हणजे? कोणी लिहिलं हे?”

सरांनी मुलीला दारापाशी बाजूला घेतलं. “अगं, लोक जे शोधतात ते लिहायचं असतं. हेच आपलं काम आहे. नाही लिहिलं तर मागच्या गल्लीतलं क्लिनिक पेशंट पळवेल.”

“मागच्या गल्लीतलं क्लिनिक तळमजल्यावर आहे, सर.”

आवाज खाली ठेवायचं तिच्या लक्षातच आलं नाही. टॅक्सीवाल्याने वळून पाहिलं, मग फोनवरच्या यादीत अंगठा फिरवत खाली खाली गेला. सातव्या नावावर थांबला. त्याखाली फक्त पत्ता आणि फोन नंबर होता.

“हे? यांच्या दारातच गाडी लावलीय मी.”

“चल,” आई म्हणाली. “उतरायला तुला कमी जड जाईन.”

मुलगी टेबलाशी गेली आणि उभ्यानेच टाइप करायला लागली. तिसरा मजला. बासष्ट पायऱ्या. लिफ्ट नाही. व्हीलचेअर फक्त वर आहे. कीवर्डच्या, म्हणजे शोधशब्दांच्या, यादीतून ‘लिफ्ट’ हा शब्दही खोडला. ती यादी पानावर दिसत नाही, मोठी सर्च इंजिनं आता ती वाचतही नाहीत. तरी सरांनी तो घालायला लावला होता.

“क्लायंट जाईल,” सर मागून म्हणाले. “आणि बदलून होणार काय? सर्च इंजिन पुन्हा येऊन वाचेपर्यंत आठ-दहा दिवस जुन्याच ओळी दिसणार.”

हे खरं होतं. म्हणूनच ती प्रिंटरकडे वळली. तिने नव्या ओळी मोठ्या अक्षरांत छापल्या, कागद दातांत धरला आणि आई टॅक्सीवाल्याच्या पाठीवर चढताच रिकामी झालेली खुर्ची उचलली.

“अगं, खुर्ची कुठे नेतेस? बसणार कशावर?”

कागद दातांत तसाच धरून ती जिना उतरायला लागली.

चाळीस पायऱ्या उतरून तिने खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ठेवली आणि कागद भिंतीला चिकटवला. टॅक्सीवाला आईला पाठीवर घेऊन मागच्या गल्लीकडे गेला.

तेवढ्यात दारातल्या दोन पायऱ्या वॉकर टेकत टेकत चढून एक म्हातारे गृहस्थ आत आले. थांबले. भिंतीवरचा कागद वाचला, मग हातातला फोन वाचला, मग पुन्हा कागद.

“पण इथे तर वेगळंच लिहिलंय. कोणी लिहिलं हो हे?”

“मी,” मुलगी म्हणाली. “बसा.”