फोनवरून दार उघडायचं नाही

"तो ईमेल उघडला गेला या कॉम्प्युटरवर," सुरक्षा कंपनीच्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मालकांच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"हीच बसते इथे," मालक चटकन म्हणाले. "कानीकपाळी ओरडलो, अनोळखी काही उघडू नकोस म्हणून. ऐकेल तर शपथ."

त्यांची बायको पलीकडच्या खोलीत बिलं बघायची. ती पाण्याचे ग्लास घेऊन आत आली होती. तिने ते टेबलावर ठेवले.

त्यांचं शीतगृह होतं. गोठवलेली मासळी, मटार, असा लोकांचा माल तिथे असायचा. त्या ईमेलमधून चोर आत शिरले आणि त्यांनी सगळी यंत्रणा ताब्यात घेतली, थंडावा राखणारीसुद्धा. कुणाच्या लक्षात येईपर्यंत माल वितळून सडला होता. धुऊन धुऊनही कपड्यांचा वास जाईना. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागलं. त्यात तिचा धाकटा भाऊही होता. जाताना फाटकाशी थांबून तो एवढंच म्हणाला, "ताई, तू?"

"घर बुडवायला बाहेरचा चोर कशाला हवा?" सासरे जेवताना ताटाकडे बघत म्हणायचे. लेकीचं पुढचं शिक्षण थांबलं, आणि तिने आईशी बोलणंच टाकलं. एकाच घरात राहून ती आईच्या अंगावरून वाऱ्यासारखी निघून जायची.

तिने नवऱ्यापाशी एकदाच विषय काढला. "अहो, निदान पोरीला तरी खरं सांगा ना."

"काय सांगू?" मालक चपला घालत म्हणाले. "माझी पत गेली की उरलासुरला धंदाही गेला. तुझं काय जाणार आहे?"

मॅडम कामाला चोख होत्या. त्यांनी सगळी दारं कॉम्प्युटरला जोडली. आता ती उघडता यायची फक्त मालकांना आणि त्यांच्या बायकोला, घरी बसून मोबाइलवरूनसुद्धा. मालकांचा मोबाइल त्यांनी तपासणीसाठी ठेवून घेतला. मालकांनी तात्पुरता एक साधा फोन घेतला; त्याचा नंबर अजून कुणाला दिला नव्हता.

मग मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"चोरांकडे साहेबांच्या आवाजाचे ढीगभर मेसेज आहेत," त्या म्हणाल्या. "त्यावरून हुबेहूब आवाज तयार करता येतो. उद्या साहेबांच्या आवाजात फोन येईल. ओरडेल, रडेल, घाई करेल. दार उघडा म्हणेल. उघडायचं नाही. फोन ठेवायचा आणि आम्हाला कळवायचं."

"हिला दोनदा सांगा," मालक म्हणाले. "हिच्या डोक्यात काही राहत नाही."

कामगार हसले. तीही हसली.

सुट्टीचा दिवस होता. दुपारी सासरे झोपले होते, लेक आपल्या खोलीचं दार लावून बसली होती. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असताना फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"अगं, दार उघड! तीन नंबरच्या खोलीत अडकलोय. आतली मूठ हलत नाहीये."

ती मूठ गेल्या हंगामापासून बिघडलेली होती. दुरुस्तीचं पुढे पुढे ढकललं जात होतं.

"कोण बोलतंय?"

"कोण काय कोण! मी बोलतोय! हात बधिर झालेत माझे. बाकी कुणाचा नंबर पाठ नाही मला. लवकर कर!"

"माफ करा. मी फोनवरून दार उघडत नाही."

"वेड लागलंय का तुला? अगं, मी खरंच..."

तिने फोन ठेवला. लगेच मॅडमना लावला आणि झालं ते सगळं सांगितलं.

"शाब्बास, ताई!" मॅडम म्हणाल्या. "साहेब कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत. सांगून जायची सवय नाही त्यांना."

थोड्या वेळाने मॅडमचा उलट फोन आला. "तो नंबर आता बंद लागतोय. चोर असंच करतात. तुम्ही अगदी बरोबर वागलात."

तिने उरलेल्या घड्या घातल्या. नवऱ्याचे शर्ट कपाटात त्याच्या बाजूला नीट लावून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांनी तीन नंबरचं दार उघडलं. मालक दाराला टेकूनच बसले होते. फोन हातात होता. अशा थंडीत बॅटरी फार वेळ टिकत नाही, असं नंतर कुणीतरी म्हणालं.

पोलिसांनी जबाब घेतला. मॅडमनी स्वतःहून सांगितलं की नियम त्यांचाच होता आणि मूठ तपासायला त्याच विसरल्या. त्या तिच्यासमोर बसून हुंदके देत होत्या. "माझंच चुकलं, ताई. तो आवाज खरा की खोटा, हे कुणालाच कळलं नसतं."

सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच तिच्याविषयी वाकडा शब्द निघाला नाही. भाऊ येऊन दारात उभा राहिला आणि लहानपणीसारखा तिच्या पायाशी येऊन बसला.

मग लेक खोलीतून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. किती महिन्यांनी तिने आईला हात लावला होता.

"आई, तुझी काही चूक नाही गं," ती रडत म्हणाली. "तुला कसं कळणार होतं?"

ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नवऱ्याचा आवाज तिने पहिल्या 'अगं'लाच ओळखला होता.