तिसरा अंक

मयुरीने मोबाइल टीव्हीला जोडला आणि सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, आज सरळ तिसऱ्या अंकावर नेऊ का?"

"नाटक सुरूपासून पाह्यतेत," लटारू खाटेवरून म्हणाला. "मधातून कोण पाह्यते?"

झालं. आज पुन्हा तीच नांदी, तोच तोतरा नोकर, तीच लावणी. मयुरीच्या मोबाइलचा रोजचा दीड जीबी दुसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत कसाबसा पुरायचा, आणि तिच्या सासूचा, रंभाचा, प्रवेश होता तिसऱ्यात. परवाही असंच झालं होतं, कालही.

रंभा भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. उभा जन्म पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकांत गेला. यंदा गुडघ्यांनी हात टेकले आणि ती कायमची घरी आली. सिंदेवाहीकडचा तिचा शेवटचा प्रयोग कुणीतरी यूट्यूबवर टाकला होता. लटारूने तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. नाटकांचा हंगाम यायचा तो धान कापून शेतात भाऱ्यांचं पुंजणं रचलेलं असताना, आणि रात्री त्या धानाजवळ कुणीतरी झोपायला हवंच. पाहायचं नसलं की माणसाला राखण बरी सापडते, असं रंभाला वाटायचं. ते तिला लागायचंही. आता मात्र लावून घ्यायचाही कंटाळा आला होता.

डेटा वाचावा म्हणून मयुरीने चित्र जरा हलकं केलं. पडद्यावरची माणसं धुऊन विटल्यासारखी दिसू लागली.

"माणूस वळखू येत नाई. साफ कर," लटारू म्हणाला.

तिने साफ केलं. लावणी संपली.

"हे गाणं पुन्हा लाव."

"मामाजी, कालबी तुमी लावाले लावलं. डेटा सरते ना."

"वन्समोर नाई त झाडीपट्टी कायची?"

मयुरीने सासूकडे पाहिलं. रंभाने तेलकट हात हलवला. लाव बाई.

तिसऱ्या अंकाचा पडदा सरकला. रंगमंचावर खाट, उशाशी कंदील. विंगेतून रंभाचा नाटकातला खोकला ऐकू आला आणि चित्र थांबलं. मधोमध गोल फिरू लागलं. मोबाइलवर संदेश आला, आजचा डेटा संपला.

"उद्या पाहू," म्हणत लटारू कुशीवर वळला.

त्या आवाजात सुटका होती. रंभाने ती बरोबर ओळखली. आवाजावरच तर तिने पोट भरलं होतं.

"तुमाले पाह्यचंच नाई ना?"

लटारू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "शेजारचा इतवारी दरसाल नाटक पाहून येते आन सांगते, यंदाबी तुवी बायको मेली, सारा मांडव रडला. मले नाई पाहवत."

मयुरी मोबाइल तसाच ठेवून हळूच आत गेली. टीव्हीवर गोल फिरतच होतं. रंभाला राग यायला हवा होता, पण तेवढं बळ नव्हतं. तिने पदराला हात पुसले.

"मरते त मरते," ती म्हणाली. "टाळ्या तवाच पडतेत."